मराठी शाळेचे एक हेडमास्तर : कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत थोर पुरुषांच्या चरित्रांस मानाचे पान असते, आणि ते योग्यच आहे. परंतु अशी पाने चाळताना आम्हांस नेहमी एक गोष्ट जाणवत आली आहे. न्यायासनावर बसलेले, संस्थानांची दिवाणगिरी केलेले, वसतिगृहांस देणग्या दिलेले असे पुरुष तेथे पुष्कळ भेटतात; खडूने हात पांढरे झालेला मराठी शाळेचा मास्तर मात्र क्वचित भेटतो. वास्तविक आपल्यांतील किती तरी घराण्यांत मागील दोन-तीन पिढ्यांचा चरितार्थ शाळाखात्याच्या तुटपुंज्या वेतनावरच चालला. म्हणून यंदा आम्ही अशा एका मास्तरांचे स्मरण करावयाचे योजिले आहे की, ज्यांनी ठाण्यात सुमारे दोन वर्षे मुलांस शिकविले, ज्यांचे इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही, आणि तरीही ज्यांच्या ग्रंथावाचून भारतीय ज्योतिषाच्या इतिहासाचा अभ्यास आजही होऊ शकत नाही.

कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली दापोली तालुक्यातील मुरुड गावी झाला. महर्षी अण्णासाहेब कर्वे ज्या मुरुडात वाढले तेच हे गाव. अण्णासाहेब वयाने त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. ठाणेकरांस हे साल निराळ्या कारणाने पाठ असते, कारण त्याच वर्षीच्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली. ती कल्याणास पोहोचावयास आणखी एक वर्ष लागले. डोंबिवली तेव्हा भातशेतीतले एक खेडे होते. आज ज्या वस्तीत आपल्या संघाचे इतके सभासद नांदतात तिचा मागमूसही त्या काळी नव्हता.

मुरुडास प्राथमिक शिक्षण संपवून दीक्षित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेले. १८७० ते १८७३ अशी तीन वर्षे तेथे काढून ते शेवटच्या परीक्षेत उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले, आणि १८७४ साली मॅट्रिक झाले. पुढे कॉलेजात जाणे घडले नाही. त्याच वर्षी ते रेवदंड्याच्या मराठी शाळेवर मुख्य शिक्षक झाले, व १८८० साली ठाण्याच्या पहिल्या नंबरच्या मराठी शाळेचे हेडमास्तर म्हणून त्यांची बदली झाली. १८८२ साली ते बार्शीच्या इंग्रजी शाळेत गेले, १८८९ साली धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात, आणि १८९४ साली पुन्हा पुण्यास, ज्या ट्रेनिंग कॉलेजात ते शिकले तेथेच शिक्षक म्हणून. शाळाखात्यातील माणसाचे बिऱ्हाड कसे असते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस ह्या गावांच्या यादीवरून पुष्कळ कळेल. दर पाच-सात वर्षांनी भांडीकुंडी बांधावयाची, नव्या गावी भाड्याची जागा पाहावयाची आणि नव्या मुलांची नावे पाठ करावयाची. अशा संसारात ग्रंथसंग्रह जमविणे हीच मुळी तपश्चर्या होय.

लेखनाची आवड त्यांस आरंभापासून होती. 'विद्यार्थिबुद्धिवर्धिनी' हे त्यांचे छोटे पुस्तक १८७६ साली, म्हणजे रेवदंड्यास असतानाच निघाले, आणि 'सृष्टिचमत्कार' हे १८८२ साली, ज्या वर्षी त्यांनी ठाणे सोडले. परंतु ठाण्याच्या वास्तव्याचे खरे महत्त्व निराळे आहे. ज्या वादाने त्यांच्या उर्वरित आयुष्याची दिशा ठरविली त्या सायनवादाकडे ह्याच सुमारास त्यांचे चित्त ओढले गेले.

हा वाद काय होता, हे तरुण सभासदांसाठी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. कारण तो केवळ ज्योतिषांचा नव्हता, प्रत्येक घराच्या देवघराशी त्याचा संबंध होता.

आपण दरवर्षी मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस करतो आणि त्या दिवशी उत्तरायण लागले असे म्हणतो. प्रत्यक्षात सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरास. सुमारे पंधरा-सतरा शतकांपूर्वी ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असत. मग त्यांत अंतर पडू लागले, व ते अद्याप वाढतेच आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या मकरसंक्रांतीस झाला, आणि त्या दिवशी तारीख होती १२ जानेवारी. म्हणजे आमच्या पणजोबांची संक्रांत आमच्या संक्रांतीहून दोन-तीन दिवस आधी येत असे. ह्याचे कारण असे की, ऋतूंचे वर्ष ३६५ दिवस ५ तास व सुमारे ४९ मिनिटांचे आहे, आणि आपल्या सूर्यसिद्धान्ताचे वर्ष ३६५ दिवस ६ तास व सुमारे साडेबारा मिनिटांचे. दरवर्षी चोवीसेक मिनिटांचा हा फरक दिसावयास क्षुल्लक. पण साठ वर्षांत तो एका दिवसाएवढा होतो, आणि काही सहस्रकांनी गुढीपाडवा पावसाळ्यात गेल्यावाचून राहत नाही.

जे पंचांग सूर्याची गती ताऱ्यांपासून मोजते ते निरयन, आणि जे वसंतसंपातापासून, म्हणजे दिवस व रात्र समान होतात त्या बिंदूपासून मोजते ते सायन. आपली सर्व रूढ पंचांगे निरयन. त्यांतही दीक्षितांच्या काळी मतभेद होतेच. बहुतेक घरांत गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावरून केलेले पंचांग चाले. हे गणेश दैवज्ञ आपल्याच कोकणकिनाऱ्यावरील नांदगावचे, आणि त्यांचा ग्रंथ १५२० सालचा. साडेतीनशे वर्षांत त्याचे गणित आकाशाशी जुळेनासे झाले होते. प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी आबासाहेब पटवर्धनांच्या साह्याने १८६५ च्या सुमारास नवे, वेधाशी जुळणारे पंचांग सुरू केले. तेच पटवर्धनी पंचांग. पण तेही निरयनच. त्यापुढे जाऊन पंचांग सायनच असले पाहिजे असा आग्रह विसाजी रघुनाथ लेले यांनी धरला, आणि 'काव्येतिहाससंग्रहा'चे एक संपादक जनार्दन बाळाजी मोडक व आपले दीक्षित हे त्यांस जाऊन मिळाले. शके १८०६ पासून, म्हणजे १८८४ पासून, ह्या तिघांनी सायन पंचांग प्रसिद्ध करण्यास आरंभ केला.

आता हे पंचांग एखाद्या कुटुंबाने स्वीकारावयाचे म्हणजे काय, ह्याचा विचार करावा. चांद्रमासाचे नाव त्या मासात होणाऱ्या सूर्यसंक्रांतीवरून ठरते. सायन संक्रांती निरयन संक्रांतीपूर्वी त्या काळी सुमारे बावीस दिवस होत असे. तेव्हा चारांपैकी तीन वर्षांत सायन पंचांगाचा महिना रूढ पंचांगाच्या एक महिना पुढे असावयाचा. शेजारच्या घरी श्रावणी सोमवारचे उपास चालले आहेत, आणि सायन पंचांग मानणाऱ्याच्या घरी गणपती बसला आहे! पितृपक्षाचे ब्राह्मण कोणास सांगावयाचे? माहेरी आलेल्या लेकीने नागपंचमी कोणत्या महिन्यात करावयाची? आणि घरातील वृद्ध मातोश्रींना, ज्यांची एकादशी आयुष्यात चुकली नाही, त्यांना हे सांगावयाचे कोणी? वाद गणिताचा खरा, पण त्याची झळ स्वयंपाकघरास लागणारी होती. सायन पंचांगास लोकाश्रय लाभला नाही ह्याचे नवल वाटावयास नको. त्याच्या पुरस्कर्त्यांनी ते काढण्याचे धैर्य केले, ह्याचेच नवल आहे.

येथे एक गैरसमज दूर करावा असे आम्हांस वाटते. जुनी पंचांगे चुकली म्हणणारा मनुष्य सुधारक असला पाहिजे, आणि सुधारक म्हणजे धर्माविषयी उदासीन, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. दीक्षित ह्या साच्यात बसत नाहीत. ते श्रद्धावान होते, आणि श्रद्धावान होते म्हणूनच त्यांस ही तळमळ लागली. व्रते व संस्कार विशिष्ट ऋतूत, विशिष्ट काळी करावे असे शास्त्र सांगते. मधु आणि माधव हे वसंताचे मास, असे वेद सांगतो. मग कर्म करणाऱ्याने काळ तरी खरा धरावा की नाही, हा त्यांचा प्रश्न. ज्याला व्रतच करावयाचे नाही त्याला संक्रांत डिसेंबरात आली काय अन् फेब्रुवारीत गेली काय, सारखेच. १८९५ साली त्यांनी 'धर्ममीमांसा' नावाचा स्वतंत्र ग्रंथही लिहिला. भक्ती आणि गणित ह्यांची त्यांच्या ठायी फारकत नव्हती.

त्याबरोबर हेही नमूद केले पाहिजे की, निरयन पक्षही दुबळा नव्हता. नक्षत्रांची नावे ताऱ्यांवरून पडली आहेत. सायन गणनेत पंचांगातील रोहिणी आणि आकाशातील रोहिणी ह्यांची ताटातूट होते, आणि ती वाढत जाते. लोकमान्य टिळकांनी शुद्ध गणिताचे परंतु निरयन पंचांग मान्य केले. व्यंकटेश बापूजी केतकर, जे स्वतः दीक्षितांप्रमाणेच शाळामास्तर होते, तेही त्याच बाजूचे. आमच्या मते ऋतूंच्या बाबतीत दीक्षितांचा पक्ष बिनतोड होता आणि ताऱ्यांच्या बाबतीत विरुद्ध पक्षाचा. दोन्ही एका पंचांगात साधणे निसर्गानेच अशक्य करून ठेविले आहे.

दीक्षितांची खरी थोरवी ह्या वादातील त्यांच्या बाजूपेक्षा त्या वादातून निर्माण झालेल्या ग्रंथात आहे. प्राचीन लोक काळ कसा मोजीत, हे सिद्ध करावयाचे तर मूळ ग्रंथ पाहिले पाहिजेत. म्हणून ते वेदांपासून वाचावयास बसले. त्याच सुमारास दक्षिणा प्राइझ कमिटीने आपल्या पंचांगांचा इतिहास लिहिणारास पारितोषिक जाहीर केले होते. बार्शीच्या शाळेची नोकरी सांभाळून त्यांनी १८८८ साली ग्रंथ लिहून पुरा केला. तोच 'भारतीय ज्योतिषशास्त्र अथवा भारतीय ज्योतिषाचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास'. तो छापून निघाला १८९६ साली, पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यात. पाचशेंहून अधिक पृष्ठांच्या ह्या ग्रंथात वेदकाळ, वेदांगकाळ, सिद्धान्तकाळ, प्रत्येक ज्योतिषाचा काळ व कुल, त्याचे ग्रंथ, आणि निरनिराळ्या प्रांतांत चालणारी पंचांगे हे सर्व आले आहे. ज्या मतांशी त्यांचे जन्मभर भांडण झाले त्या मतांच्या लोकांचे कार्यही त्यांनी त्यात योग्य मान देऊन नोंदविले. वादी पक्षाने लिहिलेला इतिहास इतका निःपक्षपाती क्वचितच आढळतो.

त्यांच्या पद्धतीचे एक उदाहरण सर्वांस पाहता येण्याजोगे आहे. शतपथ ब्राह्मणात असे वचन आहे की, इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका मात्र ढळत नाहीत. वैदिक पंडितांनी हे वचन शेकडो वेळा म्हटले असेल. दीक्षितांनी विचारले : कृत्तिका नेमक्या पूर्वेस केव्हा उगवत असतील? संपातबिंदू हळूहळू सरकत असल्यामुळे ताऱ्यांची उगवण्याची जागाही बदलते. आज कार्तिक-मार्गशीर्षात सायंकाळी कल्याण-डोंबिवलीच्या एखाद्या गच्चीवरून पाहिले तर कृत्तिकांचा झुबका पूर्वेच्या बराच उत्तरेकडे वर येताना दिसेल. तो विषुववृत्तावर, म्हणून बरोबर पूर्वेस, होता तो काळ दीक्षितांनी गणिताने काढला, आणि तो इसवी सनापूर्वी सुमारे ३००० असा आला. १८९५ साली 'इंडियन अँटिक्वेरी'त त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्यापूर्वी दोन वर्षे लोकमान्यांचा 'ओरायन' निघाला होता. दोघांच्या वाटा निराळ्या, साधन मात्र एकच, आकाश. ह्या काळनिर्णयावर पुढे पुष्कळ वाद झाले व अजून होतात. पण वेदवचनास असा प्रश्न विचारता येतो हे ज्यांनी दाखविले त्यांचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही.

दुसरे उदाहरण कोरीव लेखांचे. गुप्त राजांचा शक नेमका केव्हा सुरू झाला ह्याविषयी एकोणिसाव्या शतकात विद्वानांत मोठा घोळ होता. कोणी तो इसवी सन ७८ पासून धरी, कोणी १६६ पासून, कोणी ३१८-१९ पासून. मुंबई इलाख्यातील अधिकारी जॉन फ्लीट हे गुप्तांच्या लेखांचा संग्रह सिद्ध करीत होते. सागर जिल्ह्यातील एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा एक स्तंभ आहे; त्यावर गुप्त संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा स्पष्ट उल्लेख आहे. तिथी आणि वार दोन्ही मिळाले म्हणजे गणितास पकड सापडते. दीक्षितांनी हिशेब करून दाखविले की, ही तिथी इसवी सन ४८४ च्या २१ जून रोजी पडते, आणि त्या दिवशी गुरुवारच होता. शकाचा आरंभ ३१९-२० धरला म्हणजे सर्व बरोबर जुळते. फ्लीटसाहेबांचा ग्रंथ १८८८ साली निघाला, त्यात दीक्षितांची ही गणिते समाविष्ट आहेत. आज शाळेच्या पुस्तकात चंद्रगुप्त, समुद्रगुप्त यांच्या नावापुढे जी साले छापलेली असतात त्यांच्या पायाशी बार्शीच्या एका शाळामास्तरांचे आकडे आहेत, हे मुलांस कोणी सांगत नाही. यंत्रांचे साह्य नसलेल्या त्या दिवसांत हे सर्व हाताने, अपूर्णांकांच्या रांगा मांडून करावयाचे होते; आणि तेही शाळेची वेळ संपल्यावर.

मद्रास इलाख्याचे रॉबर्ट स्यूएल यांनीही त्यांचेच साह्य घेतले. दोघांच्या नावाने 'इंडियन कॅलेंडर' हा ग्रंथ १८९६ साली लंडनास प्रसिद्ध झाला. इसवी सन ३०० पासून १९०० पर्यंतच्या कोणत्याही हिंदू वा मुसलमानी तारखेची इंग्रजी तारीख त्यावरून काढता येते. ताम्रपटांचा व जुन्या कागदांचा अभ्यास करणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तो उशाशी बाळगला.

इतके असूनही दीक्षित केवळ पंडितांसाठी लिहिणारे नव्हते. धुळ्यास असताना, १८९२ साली, त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिला. त्याचे दुसरे नाव 'रात्रीची दोन घटका मौज'. हे नावच किती घरगुती आहे पाहा! जेवणे झाली आहेत, अंगणात किंवा ओटीवर माणसे बसली आहेत, आणि घरातील कोणी जाणते माणूस वर बोट करून लहानांस तारे दाखवीत आहे, असे चित्र ते नाव वाचताच डोळ्यांपुढे उभे राहते. गणिताची फारशी धास्ती न घालता सूर्य, चंद्र, ग्रह, धूमकेतू व नक्षत्रे ह्यांची ओळख त्यांनी सोप्या मराठीत करून दिली. मराठीत शास्त्रीय विषयावर रसाळ लिहिता येते की नाही असा संशय ज्यांस येतो त्यांनी हे पुस्तक अवश्य मिळवून वाचावे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी स्थापन झाले. दीक्षितांनी ठाणे सोडल्यास तेव्हा अकरा वर्षे झाली होती. वि. ल. भावे यांच्यासारख्या ज्या मंडळींनी ते उभारले त्यांच्या मनात मराठी ग्रंथांविषयी जो अभिमान होता, तो अशाच लेखकांच्या कष्टांवर पोसलेला होता.

१८९७ साली 'सोपपत्तिक अंकगणित' निघाले. 'सोपपत्तिक' म्हणजे कारणांसह. नुसती रीत पाठ करून उत्तर काढू नये, ती रीत खरी का हे मुलाने समजून घ्यावे, हा त्यातील हेतू. तिथी का बदलते, शक केव्हाचा, एकादशी आज की उद्या, हे सर्व प्रश्न त्यांनी जन्मभर ह्याच एका शब्दाने सोडविले असे आम्हांस वाटते. पुढच्याच वर्षी, १८९८ साली, पुण्यास त्यांचे देहावसान झाले. वयाची पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. हिंदुस्थानच्या भूवर्णनाचे मोठे काम त्यांनी हाती घेतले होते. त्याचा एक भाग त्यांच्यामागे प्रसिद्ध झाला, बाकीचे राहिले.

त्यांच्या पंचांगाचे पुढे काय झाले, हे सांगून हा लेख पुरा करतो. लोकांनी ते स्वीकारले नाही. आज आपल्या घरांतून दाते, टिळक अशी जी पंचांगे आणि भिंतीवर ज्या दिनदर्शिका असतात त्या सर्व निरयन आहेत. परंतु स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, भारत सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली. तिच्यात महाराष्ट्राकडून केसरीचे ज. स. करंदीकर व नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी होते. समितीचा अहवाल १९५५ साली आला, आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. म्हणजे ती सायन आहे. सणांसाठी मात्र समितीने निरयन गणना पुढे चालू ठेविली, केवळ अयनांश २३ अंश १५ कला असे कायम धरून त्यांचे ऋतूंपासून ढळणे थांबविण्याची योजना केली. ऋतू एका बाजूस, तारे दुसऱ्या बाजूस, अशी ती तडजोड आहे. सरकारी राजपत्रावर इंग्रजी तारखेबरोबर जी चैत्र-वैशाखाची सौर तारीख छापलेली असते ती ह्याच दिनदर्शिकेची; आपल्यापैकी पुष्कळांची दृष्टी तिच्यावरून रोज घसरून जात असेल.

ह्याच समितीचे एक सभासद उज्जयिनीचे रा. वि. वैद्य यांनी पुढे दीक्षितांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. हिंदी भाषांतर १९५७ साली लखनौस झाले होते. इंग्रजीचा पहिला भाग भारत सरकारने १९६९ साली काढला आणि दुसरा १९८१ साली. बार्शीच्या बिऱ्हाडी मूळ हस्तलिखित पुरे झाले होते, त्यास तेव्हा ९३ वर्षे लोटली होती.